पदवीबरोबर कामाचा अनुभव: कॉलेजच्या मदतीने इंटर्नशिप कशी मिळवावी?





२०२४-२५ या शैक्षणिक वर्षी ज्या मुलामुलींनी बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला, त्यांची बॅच २०२६-२७ मध्ये तिसऱ्या वर्षाला असेल. संलग्न महाविद्यालयांत नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झाल्यानंतरची ही पहिली मोठी बॅच. या मुलांना आपल्या मोठ्या भावंडांपेक्षा एक गोष्ट जास्तीची करावी लागणार आहे. वर्गाबाहेर, खऱ्या कामाच्या ठिकाणी जाऊन ठरावीक तास काम शिकायचे आणि त्याचे गुण पदवीत धरले जायचे. अभ्यासक्रमात याला कार्यप्रशिक्षण किंवा ओजेटी म्हणतात. बोलताना सगळे इंटर्नशिप म्हणतात. सरकारी कागदावर आंतरवासिता असा शब्दही दिसेल.

धाराशिव जिल्ह्यातील पालकांकडून याबद्दल एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "आमची कुठे ओळख नाही. पोराला कोण घेणार?" हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. त्याचे थोडक्यात उत्तर असे, की ज्याची कुठे ओळख नाही, त्याच्यासाठी कॉलेज हीच ओळख आहे. मात्र ती मागावी लागते, आणि कुठे, कोणाकडे, केव्हा मागायची हे माहीत असावे लागते.

ही पद्धत नवी नाही

डॉक्टर होणारा विद्यार्थी परीक्षा पास झाल्यावर वर्षभर रुग्णालयात काम करतो, मगच त्याची पदवी पुरी होते. बी.एड.च्या दोन वर्षांत २० आठवडे शाळेत आंतरवासिता करावी लागते. कृषी महाविद्यालयाची मुले शेवटच्या वर्षी गावात येऊन राहतात, बीजप्रक्रिया दाखवतात, माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यावा हे सांगतात. त्यांना आपण कृषिदूत आणि कृषिकन्या या नावाने ओळखतो. त्यांचा ग्रामीण कृषी कार्यानुभव ही सुद्धा इंटर्नशिपच आहे.

समाजकार्याचे शिक्षण तर अशाच कामातून उभे राहिले. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट मुंबईत नागपाडा नेबरहूड हाउस चालवीत होते. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय सुरू झाले आणि मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक झाले. आज आपण ज्या संस्थेला टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस म्हणतो, ती हीच. सकाळी वर्गात शिकायचे आणि वस्तीत जाऊन ते पडताळायचे, ही रीत तिथे पहिल्यापासून आहे. टिसचे एक केंद्र १९८० च्या दशकापासून आपल्या तुळजापूरला आहे आणि तिथले विद्यार्थी आजही परिसरातील गावांत क्षेत्रकार्य करतात. कर्मवीर भाऊराव पाटलांची कमवा आणि शिका योजनाही हाताच्या कामाला शिक्षणाचा भाग मानणारीच होती.

नवे इतकेच, की ही संधी आता इतिहास, मराठी, वाणिज्य किंवा रसायनशास्त्र शिकणाऱ्या साध्या पदवीच्या विद्यार्थ्यालाही आली आहे.

किती तास, किती दिवस?

महाराष्ट्र शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयातील आराखड्यानुसार पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षांत क्षेत्र प्रकल्प आणि समाज सहभाग यांना प्रत्येकी साधारण २ क्रेडिट आहेत, आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या सत्रात ४ क्रेडिटचे कार्यप्रशिक्षण आहे. इंटर्नशिपच्या एका क्रेडिटसाठी ३० तास काम धरले जाते. म्हणजे ४ क्रेडिटसाठी १२० तास.

१२० हा आकडा ऐकून घाबरू नये. रोज ८ तास काम केले तर १५ दिवस होतात. कॉलेज करून रोज ४ तास दिले तर ३० दिवस. फक्त शनिवारी आणि रविवारी ६-६ तास काम केले, तरी १० आठवड्यांत १२० तास पूर्ण होतात. आपल्या विषयाचा नेमका नियम मात्र विभागप्रमुखांकडून विचारून घ्यावा, कारण विद्यापीठ आणि अभ्यासक्रम यांप्रमाणे तपशिलात फरक असतो. अभियांत्रिकी आणि पदविकेच्या मुलांचे तास याहून बरेच जास्त असतात.

धोका कुठे आहे?

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हे १२० तास कागदावरही भरता येतात. कुणा नातेवाइकाच्या दुकानाचा शिक्का, एक सही, दोन पानांचा उतरवून काढलेला अहवाल, की झाले काम. गुण मिळतात, पदवीही मिळते.

यात नुकसान कोणाचे होते? ज्याच्या घरी धंदा आहे, ज्याचे काका बँकेत आहेत, त्याला अनुभव दुसरीकडून मिळतोच. ज्याचे आईवडील ऊसतोडीला जातात, जो घराण्यातला पहिलाच पदवीधर आहे, त्याच्यासाठी मात्र कार्यालयात आत जाऊन बसण्याची ही बहुधा पहिली संधी असते. ती कागदावर उरकली, तर पुढच्या मुलाखतीत "काय काम येते?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते. म्हणून गरीब घरातल्या मुलाने हे १२० तास खरे करणे जास्त गरजेचे आहे.

आदिवासी आणि भटक्या समाजातील मुलांबाबत आणखी एक अडचण असते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या समाजांवर शिक्का मारला, त्यांतला एक पारधी समाज. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण लोकांच्या मनातला शिक्का इतक्या लवकर पुसला गेला नाही. वस्तीवरचा मुलगा एकटाच एखाद्या पतसंस्थेच्या दारात उभा राहिला, तर त्याला आधी पत्ता विचारतात आणि मग बाहेर थांबायला सांगतात. तोच मुलगा प्राचार्यांच्या सहीचे पत्र घेऊन, प्राध्यापकांनी आधी फोन केलेला असताना गेला, तर त्याला बसायला खुर्ची मिळते. हे बरोबर आहे असे नव्हे. पण आज कॉलेजच्या पत्राचा हा उपयोग आहे आणि तो करून घेतला पाहिजे.

कॉलेजमधली सहा दारे

बहुतेक विद्यार्थी प्रवेश, परीक्षा फॉर्म आणि शिष्यवृत्ती यांपुरतेच कार्यालयात जातात. पण इंटर्नशिपसाठी कॉलेजात किमान सहा ठिकाणी विचारता येते.

पहिले दार विभागप्रमुखांचे. आपल्या विषयाचे माजी विद्यार्थी कुठे नोकरीला आहेत, कोणत्या कार्यालयाने मागच्या वर्षी मुले घेतली, हे त्यांनाच जास्त माहीत असते. तास संपल्यावर दारात उभे राहून विचारण्यापेक्षा वेळ मागून भेटावे.

दुसरे दार प्लेसमेंट सेलचे आणि करिअर कट्ट्याचे. करिअर कट्टा हा उच्च व तंत्र शिक्षण विभाग आणि महाराष्ट्र माहिती तंत्रज्ञान सहाय्यता केंद्र यांचा उपक्रम अनेक महाविद्यालयांत चालतो आणि त्यासाठी एक प्राध्यापक समन्वयक असतात. आपल्या कॉलेजात हे कोणाकडे आहे, ते सूचना फलकावर पाहावे किंवा कार्यालयात विचारावे.

तिसरे दार सामंजस्य करारांच्या फाइलचे. हे फार थोड्या मुलांना माहीत असते. नॅकच्या मूल्यांकनात महाविद्यालयाने कोणत्या संस्था, उद्योग, रुग्णालये यांच्याशी करार केले आणि ते करार प्रत्यक्षात चालू आहेत का, हे विचारले जाते. त्यामुळे बहुतेक कॉलेजांत अशा करारांची यादी तयार असते. "सर, आपल्या कॉलेजचे कोणाकोणाशी करार आहेत, ती यादी पाहायला मिळेल का?" एवढेच नम्रपणे विचारायचे. त्या यादीतल्या संस्थेत विद्यार्थी पाठवणे कॉलेजच्याही फायद्याचे असते, कारण त्यामुळे करार जिवंत असल्याचा पुरावा मिळतो.

चौथे दार राष्ट्रीय सेवा योजनेचे. एनएसएसच्या स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास काम आणि ७ दिवसांचे विशेष शिबिर करावे लागते. हे तास ओजेटीचे तास नव्हेत. पण कार्यक्रम अधिकाऱ्यांचा ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र, वन विभाग, स्वयंसेवी संस्था यांच्याशी कायम संबंध असतो. शिबिरात ज्याचे काम त्यांनी पाहिले आहे, त्याच्यासाठी ते आपणहून शब्द टाकतात.

पाचवे दार माजी विद्यार्थी संघाचे. पाच-दहा वर्षांपूर्वी त्याच बाकावर बसलेला कोणीतरी आज तहसील कार्यालयात, बँकेत, कारखान्यात किंवा पुण्याच्या कंपनीत आहे. मेळाव्याला चहा-नाश्त्याची जबाबदारी घेणाऱ्या मुलाची अशा दहा जणांशी ओळख सहज होते.

सहावे दार ग्रंथालयाचे. अर्ज लिहायला शांत जागा, संगणक, वर्तमानपत्रांतील जाहिराती आणि ई-मेल पाठवायला मदत करणारे ग्रंथपाल हे सारे एका ठिकाणी मिळते. मोबाइलवर घाईत पाठवलेल्या अर्जापेक्षा इथे बसून नीट लिहिलेला अर्ज चांगला.

आपल्याच जिल्ह्यात कुठे शोधावे?

इंटर्नशिप म्हणजे पुणे-मुंबईची मोठी कंपनी, असा अनेकांचा समज असतो. शहरात जाऊन १५ दिवस राहण्याचा खर्च ज्यांना झेपत नाही, त्यांनी आधी आपल्या तालुक्याकडे पाहावे.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी साखर कारखान्याची प्रयोगशाळा ही उत्तम शाळा आहे. कळंब तालुक्यात रांजणीला नॅचरल शुगर आहे, जिल्ह्यात इतरही कारखाने आहेत. उसाच्या रसातील विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण म्हणजे ब्रिक्स, साखरेचे प्रमाण म्हणजे पोल, आणि पोलला ब्रिक्सने भागून शंभराने गुणले की शुद्धता मिळते. वर्गात पोलरीमीटर एकदा पाहिलेला मुलगा इथे तो दिवसातून अनेकदा वापरताना पाहतो. मात्र प्रयोगशाळा पूर्ण जोरात चालते ती गळीत हंगामात. हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. मे महिन्यात अर्ज घेऊन गेले तर शिकण्यासारखे थोडेच उरते. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये द्यावा.

विज्ञान शाखेच्या इतर मुलांना माती आणि पाणी तपासणी प्रयोगशाळा, तुळजापूरचे कृषी विज्ञान केंद्र, दूध संकलन केंद्रे असे पर्याय आहेत. भूम तालुका खव्यासाठी प्रसिद्ध आहे. दुधाची तपासणी, खव्याची साठवण, बांधणी आणि विक्री यांत सूक्ष्मजीवशास्त्राच्या आणि वाणिज्याच्याही विद्यार्थ्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

वाणिज्य शाखेसाठी कर सल्लागाराचे कार्यालय, सहकारी पतसंस्था, बाजार समितीतील अडत दुकान, बचत गटांचे संघ ही ठिकाणे आहेत. कर सल्लागाराकडे आयकर विवरणपत्रांच्या मुदतीपूर्वी आणि मार्चअखेरीस हाताला काम भरपूर असते. अशा वेळी चार हिशेब नीट लावणारा मुलगा त्यांनाही हवा असतो. पण शिकवायला त्यांना वेळ हवा, म्हणून गडबडीच्या महिनाभर आधी जाऊन बसावे.

कला शाखेच्या मुलांना वाटते, आमच्यासाठी काही नाही. ते खरे नाही. तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथे शासनाचे रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिथे वस्तूंच्या नोंदी कशा ठेवतात, आलेल्या शाळकरी मुलांना माहिती कशी सांगावी, हे शिकण्यासाठी विचारणा करावी. मराठीच्या विद्यार्थ्यासाठी स्थानिक वर्तमानपत्र आणि आकाशवाणी आहे, सार्वजनिक ग्रंथालये आहेत. समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि भूगोलाच्या मुलांसाठी ग्रामपंचायत, उमेद अभियान आणि स्वयंसेवी संस्था आहेत. अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनचे ग्रामीण आरोग्याचे काम आहे. कळंब तालुक्यात हासेगावला पर्याय ही संस्था आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात महिलांबरोबर काम करत पुढे आलेली स्वयम शिक्षण प्रयोग ही संस्था आहे. अशा ठिकाणी सर्वेक्षण करणे, बैठकीचे इतिवृत्त लिहिणे, माहिती संगणकात भरणे ही कामे शिकता येतात. कोणत्या महिन्यात विद्यार्थी घेतात, हे प्रत्येक ठिकाणी आधी चौकशी करूनच जावे.

जिल्ह्याच्या सीमेचाही फार विचार करू नये. परंड्याच्या मुलाला धाराशिवपेक्षा बार्शी जवळ पडते. उमरग्याच्या मुलाला लातूर किंवा सोलापूर सोयीचे असते.

केव्हा सुरुवात करावी?

शेवटच्या सत्रात इंटर्नशिप करायची असेल, तर त्याआधीच्या जून-जुलैपासून सुरुवात करावी. जुलैत विभागप्रमुखांना भेटून विषयाचा नियम आणि करारांची यादी घ्यावी. ऑगस्टमध्ये तीन ठिकाणे निवडावीत: एक मनापासून हवे असलेले, एक मिळण्यासारखे आणि एक घराजवळचे. सप्टेंबरमध्ये स्वतः जाऊन अर्ज द्यावा. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवण करून द्यावी. डिसेंबरपर्यंत होकाराचे पत्र हातात असावे. जानेवारीत धावपळ करणाऱ्याला शेवटी शिक्का मिळतो, काम मिळत नाही.

अर्ज कसा लिहावा?

लांबलचक अर्ज कोणी वाचत नाही. एका पानात बसेल असा, साध्या भाषेत लिहावा. नमुना असा:

*मा. व्यवस्थापक,*
*(संस्थेचे नाव व पत्ता)*

*विषय: १२० तासांच्या इंटर्नशिपची संधी मिळण्याबाबत*

*महोदय,*

*मी (कॉलेजचे नाव) येथे बी.कॉम. तृतीय वर्षात शिकत आहे. आमच्या अभ्यासक्रमानुसार मला १२० तास प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण घ्यायचे आहे. आपल्या संस्थेत ठेवी व कर्ज खात्यांचे हिशेब कसे ठेवले जातात, हे शिकण्याची माझी इच्छा आहे. मला मराठी टंकलेखन व एक्सेल येते. दोन वर्षांपासून मी आईच्या बचत गटाचे हिशेब लिहीत आहे.*

*मी (तारीख) ते (तारीख) या काळात रोज दुपारी १ ते ५ येऊ शकतो. सोबत प्राचार्यांचे शिफारसपत्र व बोनाफाइड प्रमाणपत्र जोडले आहे. आपण संधी द्यावी, ही नम्र विनंती.*

या अर्जात तीन गोष्टी आहेत. काय शिकायचे आहे, काय येते, आणि केव्हा येता येईल. वाचणाऱ्याला हे तीनच प्रश्न पडतात.

"मला काहीच येत नाही" असे आपली मुले पटकन म्हणतात. नीट विचारले तर कळते, की ती शेजाऱ्यांचे ऑनलाइन फॉर्म भरतात, आजीला घेऊन रुग्णालयात जातात, बाजारात शेळीचा सौदा करतात. ज्याला पारधी बोली येते, ज्या मुलीला तांड्यावरची गोरमाटी येते, उमरग्याच्या सीमेवरच्या ज्या मुलाला कन्नड येते, त्याने तर ते ठळकपणे लिहावे. आरोग्य केंद्राला, बँकेला किंवा सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेला वस्तीची भाषा जाणणारा माणूस शोधूनही सापडत नाही.

अर्जासोबत कॉलेजचे शिफारसपत्र, बोनाफाइड, ओळखपत्राची आणि आधारची प्रत, मागच्या सत्राची गुणपत्रिका एवढे पुरते. त्या काळातील हजेरीबाबत प्राचार्यांची लेखी परवानगी आधीच घेऊन ठेवावी, म्हणजे पुढे परीक्षेच्या वेळी अडचण येत नाही.

कामाच्या ठिकाणी

पहिल्या दिवशी दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात: काम कोणाच्या हाताखाली करायचे आणि हजेरीची नोंद कुठे होणार. काही ठिकाणी पहिले दोन दिवस कागद लावणे, झेरॉक्स काढणे असे जाते. ते निमूटपणे करावे. पण आठवडा असाच गेला, तर "साहेब, मला खतावणीचे काम पाहायचे आहे, आपल्या सोयीने थोडे दाखवाल का?" असे जरूर विचारावे.

रोज घरी आल्यावर डायरीत पाच ओळी लिहाव्यात. "आज पतसंस्थेत काम केले" ही नोंद निरुपयोगी आहे. "आज ४० पासबुकांतील नोंदी खतावणीशी ताडून पाहिल्या, ३ ठिकाणी फरक आढळला, तो लेखापालांना दाखवला" ही खरी नोंद. अशा तीस नोंदी झाल्या की अहवाल आपोआप तयार होतो आणि पुढे मुलाखतीत बोलायला विषय मिळतो. जे काम करता करता ग्राहकांची, रुग्णांची माहिती कळते, ती बाहेर कोठेही सांगायची नाही, हे मात्र पहिल्या दिवसापासून पाळावे.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रावर तारखा, एकूण तास आणि केलेल्या कामाचा उल्लेख आहे का, ते पाहून घ्यावे. नुसते "इंटर्नशिप पूर्ण केली" एवढे लिहिलेले प्रमाणपत्र पुढे फारसे कामाला येत नाही.

पैसे, प्रवास आणि मुलींची काळजी

छोट्या संस्थांतील इंटर्नशिपला सहसा मानधन नसते. म्हणून हो म्हणण्याआधी रोजचा प्रवासखर्च आणि बुडणारी मजुरी यांचा हिशेब घरी बसून करावा. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत आहे. ती इंटर्नशिपला जाताना मुलींना उपयोगी पडते. मुलांनी आपला विद्यार्थी पास त्या मार्गावर चालतो का, हे आगारात विचारावे. मजुरी सोडणे शक्य नसेल, तर शनिवार-रविवारची दहा आठवड्यांची योजना मागावी.

मुलींच्या पालकांना काळजी वाटते आणि ती रास्त आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा कायम कर्मचाऱ्यांबरोबरच प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवारांनाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असावी लागते. लहान ठिकाणांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. कॉलेजातही अशी समिती असते. मुलीने शक्यतो मैत्रिणीबरोबर जोडीने जावे, वेळ दिवसाची घ्यावी आणि मार्गदर्शक प्राध्यापिकेचा नंबर जवळ ठेवावा. इतकी काळजी घेतली, तर "नकोच ते" म्हणून संधी घालवण्याचे कारण उरत नाही.

आणखी एक सावधगिरी. इंटर्नशिप देण्यासाठी नोंदणी शुल्क, अनामत रक्कम किंवा "प्रमाणपत्राचे पैसे" मागणाऱ्याला पैसे देऊ नयेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या जाहिरातीची खात्री प्लेसमेंट सेलकडून करून घ्यावी. मूळ गुणपत्रिका कोणाच्या ताब्यात देऊ नयेत, ओटीपी सांगू नये. ऑनलाइन फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

पदवीनंतरच्या योजना वेगळ्या

इंटर्नशिप आणि सरकारी योजना यांत गल्लत होते, म्हणून थोडे सांगतो. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यांना दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले गेले. वयोमर्यादा १८ ते ३५. पण ज्यांचे शिक्षण चालू आहे, त्यांच्यासाठी ती नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेत मोठ्या कंपन्यांत १२ महिने आणि दरमहा ५,००० रुपये अशी तरतूद होती. सुरुवातीच्या अटींनुसार वय २१ ते २४ आणि पूर्णवेळ शिक्षण चालू नसावे. १९६१ च्या कायद्याखालील शिकाऊ उमेदवारी ही आणखी वेगळी. तिथे विद्यावेतन देणे मालकावर बंधनकारक असते. योजनांच्या अटी बदलतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात चौकशी करावी.

कॉलेजात असताना केलेल्या १२० तासांचा फायदा इथेही होतो. अर्जात अनुभवाच्या रकान्यात लिहायला काहीतरी खरे असते.

वाचकांना एक विनंती

आपल्यापैकी कोणाचा दवाखाना आहे, कोणाचे औषधांचे दुकान, कोणी संस्थेचे हिशेब पाहते, कोणी शाळा चालवते. वर्षातून एका विद्यार्थ्याला १२० तास आपल्याजवळ बसवून काम दाखवणे बहुतेकांना जमण्यासारखे आहे. त्यासाठी पैसे लागत नाहीत, थोडा वेळ आणि धीर लागतो. जवळच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना "आम्ही एक विद्यार्थी घेऊ" असे पत्र द्यावे. शक्य असेल तर त्याच्या दुपारच्या डब्याची आणि एसटीच्या तिकिटाची सोय करावी. आणि असे सुचवावे, की ज्याची कुठेच ओळख नाही, अशा मुलाला किंवा मुलीला आधी पाठवा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही या आठवड्यात एवढेच करा. आपल्या विभागप्रमुखांची वेळ घ्या आणि करारांची ती यादी मागा.